कंबर आत घेण्याचे दिवस

दिवाळीचे आकाशकंदील अजून उतरवलेले नसतात. फराळाच्या डब्यांच्या तळाशी चिवड्यातले शेंगदाणे आणि चकल्यांचे तुकडे तेवढे उरलेले असतात. आणि एका सकाळी मैदानाकडून शिट्टी ऐकू येते. मी चहाचं आधण ठेवलेलं असतं, हात साखरेच्या डब्यात असतो. तो तसाच राहतो. "आलं बाई परत," असं मी मोठ्यानं म्हणते. ऐकायला घरात कुणी नसलं तरी म्हणते, कारण मनातल्या मनात म्हटलं की मग दिवसभर तेच चालू राहतं.

बाकीच्या जगात तीन ऋतू असतात. आमच्या पोलीस लाईनीत दोनच. एक बंदोबस्ताचा आणि दुसरा चाचणीचा. गणपतीपासून बंदोबस्त सुरू होतो, नवरात्रात तुळजापूरला त्याचा कळस होतो, आणि कोजागिरीला सोलापूरच्या बाजूनं चालत येणाऱ्या भक्तांची रीघ ओसरली की आमची माणसं सुजलेले पाय घेऊन धाराशिवला घरी येतात. दिवाळीत जरा पाठ टेकते न टेकते तोच चाचणी. खाकी घालणाऱ्या प्रत्येकाला वर्षातून एकदा मैदानावर उभं करतात. वजन किती, कंबर किती, ठरलेलं अंतर किती वेळात पळतो, दम कितपत टिकतो, सगळं बघतात. वयाप्रमाणे तक्ता असतो. तरुणांना कडक, चाळिशी ओलांडली की जरा सैल, पन्नाशीपुढं आणखी सैल. तक्त्यात बसलं तर शाबासकी. नाही बसलं तर पुढं कितीतरी दिवस रोज सकाळी जादा परेड. तिला लाईनीतल्या आम्ही बायका ढेरी परेड म्हणायचो.

मी लाईनीत शिवणकाम करते. नवरा हवालदार होता तेव्हापासून करते. खिडकीशी मशीन, खिडकीबाहेर कडुलिंबाचं झाड, झाडापलीकडं मैदान. चाचणीच्या आधीचा पंधरवडा म्हणजे माझ्याकडं खाकी पँटींचा ढीग. सगळ्यांचं एकच म्हणणं, कंबर आत घ्या. पोट आत गेलेलं असो वा नसो, पँट आत गेली पाहिजे. पँट घट्ट दिसली की माणूस बारीक दिसतो, अशी या लोकांची ठाम समजूत. कापड दुमडून, आतल्या बाजूनं टीप मारून मी त्यांना बारीक करून द्यायची.

शेजारच्या शबानाभाभी पँट घेऊन आल्या की आधी बसून घ्यायच्या. "वहिनी, आमच्या साहेबांचं पोट म्हंजे सरकारी गोदाम झालंय. माल येतो, जात न्हाय. त्येला तुमची शिलाई काय करणार?" मी म्हणायची, "गोदामाला कुलूप लावते, भाभी." मग आम्ही दोघी इतक्या हसायचो की पलीकडच्या खोलीतून कुणीतरी भिंतीवर थाप मारायचं. खरं सांगते, मला हे दिवस आवडायचे. सकाळची कोरडी थंडी, डोंगरपठारावरून येणारं वारं, खाकीला येणारा तो इस्त्रीचा करपट वास, आणि घाबरलेली मोठमोठी माणसं. ज्यांना बघून गाव घाबरतं ती माणसं एका कापडी टेपला घाबरतात, यात मला फार मौज वाटायची.

कंबर मोजायला कवायत शिकवणारे उस्ताद असायचे, मोठे बेरकी. मैदानाच्या कडेला त्याच लिंबाखाली टेबल, शेजारी वजनकाटा, आणि गळ्यात टेप टाकून उस्ताद उभे. सगळेजण श्वास आत ओढून पोट पाठीला लावून यायचे. उस्ताद टेप लावायचे आणि माप न बघता गप्पा सुरू करायचे. "काय जमादार, पोरीचं कॉलेज कसं चाललंय?" जमादार उत्तर द्यायला तोंड उघडायचा, श्वास सुटायचा, पोट बाहेर. टेप सरसर सरकायची. उस्ताद म्हणायचे, "हं, आता खरं सांगितलंस." रांगेतले सगळे हसायचे, आणि हसता हसता स्वतःची पोटं आणखी आत ओढायचे. मी खिडकीतून हे बघत टिपा मारायची.

आमचे हे त्या रांगेत दरवर्षी नापास व्हायचे.

मूळचे अणदूरचे. घरची शेती, घरचं दूधदुभतं, ताटात चौथी भाकरी पडल्याशिवाय जेवण झालं असं न वाटणाऱ्या घरातले. अंगानं आडवे, आवाजानं मोठे, स्वभावानं मऊ. दाराच्या चौकटीतून आत यायचे तेव्हा खोलीत अंधार व्हायचा. मला त्या अंधाराची सवय झाली होती. स्वयंपाक करताना पाठमोरी असले तरी भिंतीवरचा उजेड कमी झाला की कळायचं, आले. पळण्यात ते कसेबसे निघायचे, पण काटा आणि टेप त्यांना कधी सोडायचे नाहीत. मग ढेरी परेड. हिवाळाभर सकाळी सकाळी आपल्यासारख्याच पाचपंचवीस ढेऱ्यांबरोबर मैदानाला चकरा. मी चिडवायची. ते म्हणायचे, "हस. खाऊ घालणारी तूच, अन् हसणारी बी तूच."

चेष्टेचं हे असंच चाललं असतं. पण आमच्या आशूनं, म्हणजे आमच्या एकुलत्या एक मुलीनं, भरतीची तयारी सुरू केली. बापासारखी खाकी घालायची, तीही आपल्या पायांनी पळून मिळवायची, असं तिनं ठरवलं होतं. ती आणि तिच्या मैत्रिणी त्याच मैदानावर सकाळी पळायच्या. एक दिवस तिकडून पोरी पळत येत होत्या आणि इकडून ढेरी परेड चालली होती. पोरींतली कुणीतरी काहीतरी बोलली, पोरी फिदीफिदी हसल्या. आशू खाली बसून बुटाची नाडी बांधायला लागली. नाडी सुटलेली नव्हती. हे सगळं मला नंतर यांनीच सांगितलं.

त्या दिवशी ते जेवायला बसले आणि भाकरी मोडता मोडता म्हणाले, "आज आशूनं मला बघितलं. वळख दावली न्हाय."

"लहान आहे ती," मी म्हटलं.

"लहान न्हाय आता. तिचं चुकलं न्हाय. म्याच तसा दिसत आसंन." मोडलेली भाकरी ताटात ठेवून म्हणाले, "पुढल्या साली मी त्या लायनीत नसणार."

त्या वाक्यात राग नव्हता. पण ते मी विसरले नाही, आणि त्यांनीही नाही. आशूला तर याचा पत्ताही नव्हता.

पुढच्या साली नवरात्रात त्यांनी नऊ दिवसांचे उपास धरले. ते दरवर्षीच धरायचे. तुळजापूरला बंदोबस्तावर दिवसभर गर्दीत उभं राहायचं, आणि खायचं काय, तर कुणा पुजाऱ्याच्या घरची वाटीभर भगर आणि शेंगदाण्याची आमटी. दरवर्षी दसऱ्याला रात्रीपुरते घरी आले की असे जेवायचे की मला दुसऱ्यांदा पीठ मळायला लागायचं. त्या वर्षी दसऱ्याला अर्धी पोळी ताटात ठेवून उठले. म्हणाले, "बास. औंदा चाचणी हाय."

दिवाळीत अनारसा हातात घेऊन परत डब्यात ठेवला. "चाचणी हाय." भाऊबीजेला बहीण आग्रह करून थकली. "चाचणी हाय, ताई." मटणाचा रस्सा आवडीचा. तो वास आला की पूर्वी ताट घेऊन चुलीशीच येऊन बसायचे, आता दारात जाऊन उभे राहायला लागले. मी म्हटलं, आता काय हिरो व्हायचंय का? तर म्हणाले, "हिरो न्हाय, पास व्हायचंय." मला त्यांचं कौतुक वाटलं. इतक्या वर्षांत या माणसाला जिभेवर ताबा कधी ठेवता आला नाही, आणि आता बघा. शबानाभाभी नवऱ्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायच्या, "बघा, मर्दानं मनावर घेतलं तर काय होतं!" सगळ्या लाईनीत यांच्या निग्रहाची चर्चा झाली. देवीनं उपासाचं फळ दिलं असं मी स्वतः दोनचार जणींना सांगितलं.

नवरात्राआधी नवी शिवलेली पँट सैल व्हायला लागली. आधी दोन बोटं, मग चार. मी मशीनवर बसून कंबर आत घेतली. इतरांची कंबर आत घेताना मी हसत असे, कारण ते खोटं होतं. यांची पहिल्यांदा खरी होती. ती टीप मारताना मला जो अभिमान वाटला तो अजून आठवतो, आणि आठवला की अंगावर काटा येतो. दिवाळीनंतर पुन्हा आत घ्यावी लागली. कापड मी कापलं नाही, नुसतं आत दुमडत गेले. शिवणाऱ्याची सवय असते ती. कापलेलं कापड परत येत नाही, दुमडलेलं कधीही सोडता येतं.

त्याच हिवाळ्यात ते पन्नाशी ओलांडून पुढच्या वयोगटात गेले होते. चाचणीच्या सकाळी मी खिडकीतच होते. मशीन चालवण्याचं नाटकही केलं नाही. काट्यावर उभे राहिले आणि काटा बघणाऱ्यानं मान वर करून परत एकदा यांच्याकडं पाहिलं. मग कंबर. उस्तादांनी टेप लावली आणि नेहमीसारखं विचारलं, "काय जमादार, पोरीची भरती कुठवर आली?" यांनी तोंड उघडलं आणि सविस्तर सांगायला सुरुवात केली. पोरगी किती पळते, गोळा किती लांब टाकते, खुराक काय लागतो, सगळं. बोलता बोलता हसलेही. टेप जागची हलली नाही. उस्तादांनी टेप काढली आणि यांच्या पाठीवर थाप मारली.

पळताना मात्र हळू होते. हे मी डोळ्यांनी पाहिलं. मागच्या वर्षी अंग जड असताना ज्यांच्या पुढं होते, ते या वर्षी हलके असताना पुढं निघून गेले. शेवटच्या चकरेत त्यांनी कमरेवर हात ठेवला आणि जवळजवळ चालतच रेषा ओलांडली. पण तक्ता आता पन्नाशीपुढचा होता. मागच्या वर्षीच्या तक्त्यात हीच धाव नापास झाली असती. या वर्षी वयाची सवलत मिळाली आणि पास झाली. यात कुणाचं काय चुकलं? सवलत योग्यच आहे. काटा बरोबर होता, टेप बरोबर होती, घड्याळ बरोबर होतं. मी कितीदा त्या सकाळीकडं परत जाऊन कुणातरी माणसाला शोधते, ज्याची गचांडी धरावी आणि म्हणावं, तू केलंस हे. तसा कुणी सापडत नाही. सापडला असता तर मला बरं वाटलं असतं.

सगळ्या रकान्यांत पास झालेला माणूस म्हणून मोठ्या साहेबांनी यांना रांगेतून पुढं बोलावलं. साहेब तरुण, चांगले, हसतमुख. त्यांनी यांच्या पँटीच्या कमरेत आपली मूठ घातली. होय, त्या आत घेतलेल्या कमरेतसुद्धा तोवर मूठ जात होती. साहेब सगळ्यांना म्हणाले, "हे बघा. पन्नाशीनंतर माणूस हे करू शकतो. बाकीच्यांनी लाज धरा." टाळ्या झाल्या. मग कुणीतरी फोटो काढला. साहेबांऐवजी यांनाच सांगितलं, जमादार, तुम्हीच धरून दाखवा. यांनी पट्टा सोडून पँट पुढं ओढून धरली आणि कॅमेऱ्याकडं बघून असे हसले, असे हसले, की तसं हसताना मी त्यांना आमच्या लग्नातसुद्धा पाहिलं नव्हतं.

आशू तिथंच होती. पळायला आलेल्या पोरींसोबत मैदानाच्या कडेला. या वेळी तिनं नाडी बांधली नाही. दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारली आणि ओरडली, "माझे पप्पा हायेत ते!" हे मला खिडकीत ऐकू आलं. यांनाही आलं.

घरी आल्यावर त्यांनी ते वाक्य दोनदा मला सांगितलं, जणू मी बहिरी होते. मी शिरा केला. त्यांनी चमचाभर खाल्ला, म्हणाले, पोट भरलं आनंदानं. मीही मानलं. आनंदानं पोट भरतं, असं आपण म्हणतोच की.

आता विचार करते तेव्हा मला सगळ्यात भयंकर हे वाटतं, की तो आमच्या संसारातला सगळ्यात चांगला दिवस होता. त्यात एकही गोष्ट खोटी नव्हती. टाळ्या खऱ्या होत्या, पोरीचा अभिमान खरा होता, शिरा साजूक तुपातला होता. आणि त्याच दिवशी, त्या हसणाऱ्या माणसाच्या पोटात ते वाढत होतं. चांगल्या दिवसांवरचा माझा विश्वास तेव्हापासून गेला. कुणी आनंदाची बातमी सांगितली की मी आधी सांगणाऱ्याची हाडं बघते.

चाचणी संपली. म्हणजे कारण संपलं. हे आम्हाला कळायला हुरडा यावा लागला.

थंडी मुरल्यावर अणदूरच्या शेतात ज्वारीला हुरडा आला आणि दिरानं बोलावणं धाडलं. दरसाल जायचोच. बांधाजवळ आगटी पेटवायची, कणसं निखाऱ्यात खुपसायची, गरम कणीस हातावर चोळून दाणे काढायचे, सोबत लसणाची चटणी, गूळ, शेंगा. हे हुरड्याला बसले की उठायचे नाहीत. दीर कणसं चोळून चोळून दमायचा आणि म्हणायचा, दादा, बैलं बरी, ती थांबतात तरी. त्या दिवशी यांनी पसाभर गरम दाणे हातात घेतले, तोंडात चार टाकले, बराच वेळ चावत राहिले, आणि उरलेले आशूच्या ओंजळीत ओतले.

दीर म्हणाला, "दादा, चाचणी झाली न्हवं? आता तरी खावा की."

यांनी आगटीकडं बघत सांगितलं, "भूकच न्हाय रं."

इतके महिने ते खात नव्हते, आणि हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकत होते. तोवर प्रत्येक वेळी चाचणी हाय, चाचणी हाय. ते मला फसवत नव्हते, एवढं मी पैजेवर सांगते. त्यांनी स्वतःलाच तसं समजावलं होतं. खावंसं वाटत नव्हतं आणि खायचं नव्हतं, दोन्ही एकाच वेळी आलं, आणि त्यांनी त्याला आपला निग्रह समजून घेतलं. आयुष्यात पहिल्यांदा जमलं होतं बिचाऱ्यांना. त्यावर शंका कशाला घेतील? वारं आगटीतली राख उडवत होतं. त्या उजेडात मी त्यांचा चेहरा बघितला. गालांच्या जागी खळगे होते. ते रोज माझ्यासमोर होते, पण मी ते चाचणीच्या उजेडात बघत आले होते.

सोलापूरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी वजन केलं आणि आधीचं विचारलं. मी सांगितलं. सांगताना माझ्या आवाजात अजूनही थोडी बढाई होती, काय करणार, जीभ सवयीची. म्हटलं, यंदा चाचणीत पास झाले, साहेबांनी सगळ्यांपुढं कौतुक केलं. डॉक्टरांनी यांच्याकडं बघितलं. "वजन उतरवायला काय काय केलंत?"

"काय न्हाय, साहेब," हे म्हणाले. "आपोआपच गेलं."

हा साधा प्रश्न आम्हाला तोवर कुणीच विचारला नव्हता. काटा विचारत नाही, टेप विचारत नाही. किती, एवढंच बघायचं असतं, आणि जितकं कमी तितकं चांगलं. पुढचं सगळं इतरांचं होतं तसंच होतं. पोटात गाठ, ती पसरलेली, उशीर झालेला. लिहिण्यासारखं त्यात काही नाही. ज्यांच्या घरात झालंय त्यांना माहीत आहे, ज्यांच्या घरात नाही झालं त्यांना माहीत नसलेलंच बरं.

एक मात्र लिहिते. दवाखान्यात एका दुपारी त्यांनी मला सांगितलं, "माझी खाकी पँट घिऊन यी. त्या कमरेच्या टिपा उसव."

"कशाला आता?"

"बरा झाल्यावर अंग भरंल. ड्युटीवर जायला तवा कमी पडाया नको. आत्ताच करून ठिव."

मी पुढच्या खेपेला पँट घेऊन गेले. खाटेशेजारच्या स्टुलावर बसून ब्लेडच्या तुकड्यानं टिपा उसवायला लागले. आधी दिवाळीनंतरची, मग तिच्या आतली नवरात्रानंतरची. आत दुमडलेलं कापड बाहेर आलं. बाहेरची खाकी धुवून धुवून, उन्हानं विटली होती, आतली मात्र कोरी, गडद, दुकानातून आणल्यासारखी. यांनी हात पुढं केला. त्या कोऱ्या पट्टीवरून अंगठा फिरवला. मग पँटीची कमर दोन्ही हातांनी पसरून धरली आणि बराच वेळ तिच्याकडं बघत राहिले.

"इतका होतो व्हय मी?" असं म्हणाले.

मी मान खाली घालून उरलेला दोरा ओढत बसले.

गुढीपाडव्याच्या आधी ते गेले. भिंतीवर लावायला फोटो हवा होता आणि हल्लीचा म्हणून तो एकच होता, मैदानावरचा. फोटोवाल्यानं छातीपासून खालचा भाग कापला आणि वरचा मोठा करून दिला. लोक येतात आणि म्हणतात, किती छान हसतायत जमादार, किती समाधानी चेहरा. मी म्हणते, होय. चौकटीखाली ज्या भिंतीवर काहीच नाही, तिथं मला तो हात दिसतो, पँट पुढं ओढून धरलेला.

आशूला त्यांच्या जागेवर घेतलं. अनुकंपा म्हणतात त्याला. लोकांनी पेढे मागितले. पोरगी स्वतःच्या पायांनी पळून येणार होती, ती बापाच्या जाण्यानं आली. पहिल्या दिवशी खाकी घालून माझ्यासमोर उभी राहिली तेव्हा मी तिची दृष्ट काढली आणि मोरीत जाऊन तोंडात पदर कोंबून रडले. तिनंही कधी त्या नोकरीचा आनंद दाखवला नाही. आम्ही दोघी त्या विषयावर बोलत नाही. लाईनीत आम्हाला पुन्हा खोली मिळाली. बाजू बदलली, पण खिडकीतून लिंब आणि मैदान तेच. दार तेच नाही, पण चौकटी सगळ्या सारख्याच असतात. आशू आत येते तेव्हा खोलीत अंधार होत नाही.

आणि दर दिवाळीनंतर शिट्टी वाजतेच. बायका पँटी घेऊन येतात. आता मी चेष्टा करत नाही, तर त्यांना वाटतं मी दुःखानं कडू झालेय. झालेय. पण खरं कारण वेगळं आहे. कुणाची कंबर खरोखर आत आलेली असली की मी मशीन थांबवते. मी विचारते, कशानं? बाई म्हणते, डाएट, पळणं, रात्रीचं जेवण बंद. मी विचारते, भूक लागते का पण? ती माझ्याकडं चमत्कारिक बघते. शबानाभाभींचा नवरा अजून तसाच आहे, गोदाम भरलेलं. दरवर्षी नापास होतो, दरवर्षी ढेरी परेड. भाभी कपाळावर हात मारून घेतात. मी खिडकीतून त्याला धापा टाकत चकरा मारताना बघते आणि मला भाभींचा इतका हेवा वाटतो की मला माझीच लाज वाटते.

काल संध्याकाळी आशू ड्युटीवरून आली. बूट काढले, आणि आपली पँट मशीनवर टाकत म्हणाली, "आई, कंबर आत घे गं. परवा चाचणी हाय. सैल झालीया."

"कशानं?"

"पळती की मी रोज. तुला माहीत हाय की."

"पप्पा पण पळायचे."

हे माझ्या तोंडून गेलं. ती एकदम थांबली. मग माझ्याजवळ आली आणि हळू आवाजात बोलली, "आई, गेल्याच महिन्यात तू मला सोलापूरला नेलंस. सगळं चेक केलं. डॉक्टर तुला वरडले बी, की पोरगी ठणठणीत हाय. आणखी काय करू मी?"

तिचं खरं आहे. काय करणार ती? कागदावर सगळं ठीक असतं, आणि मला कागद दिसला की तो चाचणीचा निकाल दिसतो, सगळ्या रकान्यांत पास. मी तिला उभं केलं आणि टेप घेतली. कमरेभोवती लावली. आणि मला कळायच्या आत मी उस्तादांसारखं विचारलं, "काय गं, ड्युटी कशी चाललीया?"

आशूला ते कळलं. मैदानावर वाढलेली पोरगी, उस्तादांची ती खोड तिला माहीत नसेल कशी? तिचे डोळे भरून आले, पण ती माझ्यासाठी बोलायला लागली. ठाण्यात काय झालं, गाडी कशी बंद पडली, नव्या साहेबांनी काय विचारलं, मुद्दाम लांबवून लांबवून, श्वास सोडून, पोट सैल सोडून बोलत राहिली. मी माझं सगळं लक्ष बोटांत आणून उभी होते. टेप हलावी म्हणून मी आयुष्यात कधी इतका जीव टाकला नव्हता. आणि टेप हलली की माझा हात हलला, ते मला समजलं नाही.

ती झोपल्यावर मी मशीनवर बसले. चाचणी आहे, पँट तर लागणारच. कंबर आत घेतली. कापड कापलं नाही. नीट दुमडून आत ठेवलंय, कधीही उसवून सोडता येईल असं.

यांच्याही पँटीत ठेवलं होतं.